श्वानानंदांचा उपास

“डॉक्टरीणबाई, तुम्ही फक्त एवढंच लिहून द्यायचं. कुत्रं निरोगी हाय, त्याला कुणी काय चारलेलं न्हाई, आणि समाधी अस्सल हाय. खाली सही आणि सरकारी शिक्का.”

असं म्हणून भाऊसाहेब इंगवल्यांनी माझ्या टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवला. करंजपूरच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात मला रुजू होऊन जेमतेम महिना झाला होता. तोवर जी माणसं आली, त्यांतल्या निम्म्यांनी मला पाहून “मोठे डॉक्टर कुठायत?” असं विचारलं होतं आणि उरलेल्यांनी काही न विचारताच म्हैस परत नेली होती. पेढे घेऊन आलेला हा पहिलाच माणूस. म्हणून मी त्यांना बसा म्हटलं.

“कसली समाधी?” मी विचारलं.

भाऊसाहेबांनी दाराशी उभ्या असलेल्या गुलाबभाईंकडे रागानं पाहिलं. गुलाबभाई मुल्लाणी आमचे ड्रेसर. जखमा धुणं, जनावर आवळून धरणं आणि नव्या डॉक्टरला गावची माहिती पुरवणं, ही त्यांची कामं. “मॅडम कोकणातल्या हायत, हळूहळू सांगणार हुतो,” ते पुटपुटले.

मग भाऊसाहेबांनीच सांगितलं. ते दत्तमंदिर ट्रस्टचे अध्यक्ष. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान हा पोटापाण्याचा धंदा आणि अध्यक्षपद हा जीव की प्राण. देवळाला लागून यमुताई देशिंगकर नावाच्या निवृत्त शिक्षिका राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा परदेशी. त्यांचा कुत्रा रॉकी. गेल्या श्रावणापासून हा रॉकी दर गुरुवारी संध्याकाळच्या आरतीला समाधीत जात होता आणि प्रसादाचा पेढा तोंडात पडला की समाधीतून उठत होता.

“दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात, म्हंजे चार वेद,” भाऊसाहेब म्हणाले. “हा पाचवा म्हणा की.”

वेदाला रॉकी म्हणणं बरं दिसेना, म्हणून ट्रस्टनं ठराव करून त्याचं नाव श्वानानंद ठेवलं होतं. यमुताई आपोआप मातोश्री झाल्या होत्या. देवस्थानला ‘क’ वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळवण्याची खटपट चालली होती आणि दत्तजयंतीला खुद्द पालकमंत्री येणार होते. पण तालुक्यातल्या काही टवाळ पोरांनी पेपरात छापून आणलं की कुत्र्याला भांगेची गोळी देतात. भाऊसाहेबांच्या जिव्हारी लागलं होतं ते. म्हणून मग माझी सही आणि माझा शिक्का.

“आधी कुत्रा बघते,” मी म्हटलं.

“बघा की. उद्याच गुरुवार हाय.” भाऊसाहेब उठले. “पर बघून झाल्यावर लिहायचं तेच हाय.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळात मुंगीला वाट नव्हती. गाभाऱ्यासमोर मखमली गादीवर एक तांबूस रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला असा गावठी कुत्रा बसला होता. गळ्यात झेंडूचा हार, पाठीवर भगवी शाल. वय असेल दहा-अकरा. मागचे पाय थरथरत होते आणि तो सारखा जांभया देत होता. त्याच्या शेजारी पांढऱ्या नऊवारीतल्या यमुताई. त्यांच्या पाया पडायला बायकांची रांग लागली होती आणि प्रत्येकीच्या डोक्यावर त्या हात ठेवत होत्या. वर्गात हजेरी घ्यावी तशी प्रत्येकीच्या लेकरांची नावासकट चौकशीही करत होत्या.

घंटा सुरू झाली. रॉकी उठला, डुलला, समोरच्या खांबाकडे टक लावून पाहत राहिला आणि धाडकन कुशीवर पडला. पाय पाण्यात पोहल्यासारखे हलत होते, तोंडातून लाळ गळत होती. नामाचा गजर टिपेला पोचला. बायका डोळे पुसू लागल्या. आरती संपली तसा पुजाऱ्यानं पेढा दुधात कालवून त्याच्या गालात भरला. मंत्रपुष्पांजली होईतो कुत्र्यानं मान उचलली आणि भांबावल्यासारखा इकडंतिकडं पाहायला लागला.

माझ्या शेजारची बाई मला समजावून म्हणाली, “ओळख पटायला येळ लागतो वो. लई लांबनं आलेत.”

मी पुढं झाले. हिरड्या पाहिल्या, पांढुरक्या होत्या. पोटावर दोन्ही हात ठेवून हलके हलके चाचपलं, तर आत मध्यावर काहीतरी कठीण, गोल हाताला लागलं. सरकवलं की सरकत होतं.

“आज सकाळपासून ह्यानं काय खाल्लंय?”

भोवतीच्या माणसांनी वळून माझ्याकडे पाहिलं. देवळात विचारू नये असं काहीतरी मी विचारलं होतं.

“गुरुवार आहे ना,” यमुताई म्हणाल्या. “उपास असतो त्याचा.”

“कुत्र्याचा उपास?”

“माझा असतो, तर तोही धरायचा. पूर्वी संध्याकाळी माझ्यातली साबुदाण्याची खिचडी खायचा.”

“आता खिचडी बंद,” भाऊसाहेब मध्येच म्हणाले. “आता महाराज कडक धरतात. पाण्याशिवाय काय न्हाई.”

“कुणी धरायला लावला?”

“त्यांची इच्छा.”

पुजारी वाकून कुजबुजला, “पोटात काय लागलं का, बाई?”

“गाठ आहे.”

“केवढी?”

“मोसंबीएवढी असेल.”

“गोल?”

“बऱ्यापैकी गोल आहे,” मी म्हटलं आणि त्यानं हात जोडले. तो हात का जोडतोय हे मला कळलं नाही. सकाळी गुलाबभाईंनी दवाखाना उघडला तेव्हा कळलं. श्वानानंदांच्या पोटात शाळिग्राम आहे आणि सरकारी डॉक्टरीणबाईंच्या हाताला तो साक्षात लागला, असं गावभर झालं होतं. त्या दिवशी माझ्याकडे सात म्हशी आल्या. एवढी गर्दी मी आल्यापासून झाली नव्हती.

मी कॉलेजातल्या माझ्या जुन्या सरांना फोन लावला. म्हातारा कुत्रा, पोटात गाठ, उपाशी राहिला की पडतो, गोड खाल्लं की उठतो. सर हसले आणि म्हणाले, “आधी रक्तातली साखर बघ. आणि शी काळी होते का ते विचार.” त्यांनी गाठीचं नाव सांगितलं, लायोमायोमा. ते नाव मी परीक्षेत लिहिलं होतं. प्रत्यक्षात भेटेल असं कधी वाटलं नव्हतं.

साखर मोजायचं यंत्र दवाखान्यात नव्हतं. गावात ते ज्या दोन-तीन घरांत होतं, त्यांतलं एक भाऊसाहेबांचं. त्यांना बरीच वर्षं मधुमेह होता आणि दुबईतल्या मुलानं पाठवलेलं ते यंत्र ते चष्म्यासारखं सदऱ्याच्या खिशात बाळगायचे. गावातल्या कुठल्याही बैठकीत बोट टोचून आकडा जाहीर करायची त्यांना हौस होती.

पुढच्या गुरुवारी दुपारी मी यमुताईंच्या घरी गेले, तर भाऊसाहेब ओसरीवर खुर्ची टाकून पहारा देत बसलेले. महाराजांच्या तोंडात चुकून काही जाऊ नये म्हणून. स्वतः मात्र शेंगदाणे खात होते. डॉक्टरांनी त्यांना उपास करायला मनाई केली होती.

“जरा यंत्र द्या,” मी म्हटलं.

“महाराजांना टोचणार?”

“पाप लागलं तर मला लागू दे.”

रॉकी गोणपाटावर निपचित पडला होता. मी त्याच्या कानाच्या कडेला टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. आकडा आला एकोणचाळीस. मी यंत्र भाऊसाहेबांपुढं धरलं. त्यांच्या तोंडातला शेंगदाणा चावायचा राहिला.

“तुमची साखर एकोणचाळीसवर आली तर काय होतं, भाऊसाहेब?”

“घाम फुटतोय. हातपाय कापत्यात. एकदा दुकानातच पडलो हुतो. बायकोनं तोंडात साखर कोंबली तवा उठलो.”

“तेव्हा गावानं तुमची आरती केली का?”

भाऊसाहेबांनी सदऱ्याच्या टोकानं यंत्र पुसलं आणि खिशात ठेवलं. “माझी गोष्ट निराळी, बाई. मी संसारी माणूस. आणि यंत्र माणसाचं हाय, ते महाराजांना लागू न्हाई.”

मी यमुताईंकडं वळले. त्या दारातच उभ्या होत्या. मी जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. आतड्याच्या भिंतीत एक स्नायू असतो, आपल्याला न विचारता तो अन्न पुढं ढकलत राहतो. रॉकीच्या त्या स्नायूलाच गाठ आलीय.

“अनैच्छिक स्नायू,” यमुताई म्हणाल्या. “विज्ञानाच्या पुस्तकात होता.”

“तोच. ह्या गाठीतून कधी कधी इन्सुलिनसारखं काहीतरी रक्तात उतरतं आणि साखर फस्त करतं. पोटात अन्न असलं की भागून जातं. दिवसभर उपाशी ठेवला की पडतो. शी काळी होते का त्याची?”

“डांबरासारखी.”

“म्हणजे आतून रक्तही जातंय. गाठ साधी असेल तर काढली की कुत्रा ठणठणीत. वाईट असेल तर पसरेल. काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. पण ते राहू दे, असे उपास चालू राहिले तर गाठीनं मरायच्या आधी तो एखाद्या आरतीलाच मरेल.”

यमुताईंनी रॉकीकडं पाहिलं. त्यानं शेपटीचं टोक तेवढं हलवलं. तेवढ्यात फाटकाशी चपलांचा आवाज झाला. शेजारच्या गावच्या पाच-सहा बायका हार, नारळ घेऊन आल्या होत्या. “मातोश्री हायत का?” त्यांतली एक म्हणाली. यमुताईंनी पदर सारखा केला.

“ऑपरेशनचं जयंतीनंतर बघू,” भाऊसाहेब म्हणाले. “मंत्री येऊन जाऊ देत.”

मी यमुताईंच्या उत्तराची वाट पाहत होते. त्या फाटकाकडं पाहत होत्या.

“जयंती होऊ दे, डॉक्टर,” त्या म्हणाल्या आणि बायकांना बसायला चटई आणायला आत गेल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊसाहेबांचं मी समजू शकत होते. त्यांना दर्जा हवा होता, रस्ता हवा होता, मंत्र्यांच्या शेजारी फोटो हवा होता. पण ही बाई चाळीस वर्षं पोरांना शिकवलेली, हिला अनैच्छिक स्नायू माहीत आहे, आणि तरी कुत्र्याला उपाशी मारतेय. शिकून अंधश्रद्धा जात नाही ती नाहीच, असा निकाल देऊन मी मोकळी झाले. जाता येता दोनदा त्यांना सुनावलंही. त्या ऐकून घ्यायच्या, चहा विचारायच्या, आणि “बघते” म्हणायच्या.

सर्टिफिकेट मी दिलं. त्यात लिहिलं की कुत्र्याला भांग दिलेली नाही, जेवणही दिलेलं नाही, आणि तो आजारी आहे. भाऊसाहेबांनी ते वाचलं, चार घड्या घालून खिशात टाकलं आणि दोन दिवसांनी शेजारच्या तालुक्यातल्या कुणा निवृत्त जनावरांच्या डॉक्टरकडून हवं तसं लिहून आणलं. त्या माणसानं कुत्रा पाहिलासुद्धा नव्हता. त्यामुळं त्याचा मजकूर फार स्वच्छ होता.

दत्तजयंती त्या वर्षी शुक्रवारी आली. ट्रस्टनं ठरवलं की गुरुवारची समाधी होऊ द्यायची नाही, महाराजांना घरातच ठेवायचं आणि उपास तसाच पुढं न्यायचा. एकच मोठी समाधी, थेट शुक्रवारी जन्मकाळाला, मंत्र्यांच्या समोर. हे मला शुक्रवारी दुपारी गुलाबभाईंनी सांगितलं. ते स्वतः महाराजांचे भक्त होते, पण त्यांचाही चेहरा उतरला होता.

“दोन दिस झालं मॅडम, पोटात कण न्हाई. सकाळपास्नं मंडपात बसवलंय.”

मी ग्लुकोजची बाटली, सुया, सलाइनची नळी पिशवीत भरली आणि आम्ही दोघं निघालो.

मंडपात पोचायच्या आधीच गजर ऐकू आला. मंत्र्यांच्या गाडीला उशीर झाला होता, पण रॉकीला ते कुणी सांगितलं नव्हतं. तो गादीवरून खाली कोसळला होता आणि ह्या खेपेला पाय पोहत नव्हते, झटके देत होते. मान मागं वळली होती. पुजारी पेढे भरत होता आणि ते तोंडातून तसेच बाहेर पडत होते. गर्दी मंत्रमुग्ध होऊन पाहत होती. भाऊसाहेबांच्या हातात माईक होता. त्यांनी एकदा कुत्र्याकडं, एकदा रस्त्याकडं पाहिलं आणि परिस्थितीचा ताबा घेतला.

“भक्तजनहो, शांतता ठेवा. महाराज महासमाधीत निघालेत. त्यांची समाधी याच जागी बांधायचा मानस ट्रस्ट जाहीर करतोय.”

बांधकामाच्या विटा मंडपामागं होत्याच. दोन उत्साही कार्यकर्ते तिकडं वळलेले मी पाहिले.

मी गर्दीत अडकले होते. “बाई, चपला,” कुणीतरी ओरडलं. गुलाबभाई कोपरानं वाट काढत होते. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं यमुताई आल्या. गळ्यातला हार त्यांनी उपसून फेकला, पुजाऱ्याला हातानं बाजूला सारलं आणि खाली बसल्या. पदराची गाठ सोडली. आत खडीसाखर कुटून ठेवलेली होती. त्यांनी रॉकीच्या तोंडातला पेढ्याचा लगदा दोन बोटांनी काढून टाकला, घशात जाऊ नये म्हणून मान खाली कलती केली, बोट ओलं करून साखरेत बुडवलं आणि हिरडीच्या आतून, गालाच्या बाजूनं चोळायला सुरुवात केली. पुन्हा बोट ओलं, पुन्हा साखर. घाई नाही, थरथर नाही.

कॉलेजात मला हे ज्या पद्धतीनं शिकवलं होतं, अगदी तसंच. मी बघतच राहिले. मग भान येऊन पायाची शीर शोधली, गुलाबभाईंनी पाय आवळून धरला आणि मी ग्लुकोज सोडलं.

झटके थांबले. श्वास लांब झाला. थोड्या वेळानं रॉकीनं डोळे उघडले, यमुताईंचं बोट चाटलं आणि उठून बसला. नेमक्या त्याच वेळी मंत्र्यांची गाडी मंडपाशी लागली. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी होती की पालकमंत्र्यांचे आगमन होताच श्वानानंद महासमाधीतून परतले.

यमुताईंनी ते काही पाहिलं नाही. त्यांनी शाल काढून तिथंच टाकली आणि कुत्र्याला छातीशी धरून उचललं. वयाच्या मानानं ते ओझं फार होतं, गुलाबभाई पुढं झाले, पण त्यांनी दिलं नाही.

“ऑपरेशन कधी करता?” त्यांनी मला विचारलं.

“उद्या सकाळी.”

“आज घरी नेऊ की तुमच्याकडे ठेवू?”

“माझ्याकडे ठेवा.”

त्या गर्दीतून सरळ चालत निघाल्या. लोक पाया पडायला वाकत होते आणि त्या त्यांना ओलांडून जात होत्या.

कुत्र्याचं आतडं मी तोवर कधी कापलं नव्हतं. म्हशींची पोटं फाडली होती, पण म्हशीचं पोट म्हणजे दालन, हे म्हणजे कोनाडा. सकाळी सरांना पुन्हा फोन केला, त्यांनी टाका कसा घालायचा ते दोनदा सांगितलं. गुलाबभाई सलाइन धरून उभे होते आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. दत्ताचं की अल्लाचं ते मी विचारलं नाही. गाठ लहान आतड्याच्या भिंतीत होती, पांढरट गुलाबी, घट्ट. दोन्ही बाजूंचा थोडा भाग घेऊन मी ती कापून काढली आणि टोकं जोडली.

हात धुऊन बाहेर आले तर भाऊसाहेब चांदीची डबी घेऊन बसलेले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला यमुताई.

“शाळिग्राम निघाला का?”

मी बरणी दाखवली. औषधात तरंगणारा तो गोळा भाऊसाहेबांनी बराच वेळ निरखला.

“हे तर मांस हाय.”

“मांसच आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाठवायचंय.”

“प्रयोगशाळेत कशाला? ट्रस्ट त्याची विधिवत स्थापना करंल. चांदीत बसवू. वरनं दिसणार बी न्हाई काय हाय ते.” त्यांनी बरणीला हात घातला. “कुत्रं गावाचं, तवा हे बी गावाचं.”

“भाऊ,” यमुताई म्हणाल्या. “चौथीत तू माझ्या वर्गात होतास. दुसऱ्याच्या डब्याला हात लावायचा नाही, एवढं एक तुला वर्षभर सांगत होते. बस खाली.”

पन्नाशीतले भाऊसाहेब इंगवले, ट्रस्टचे अध्यक्ष, खाली बसले. मग थोड्या वेळानं डबी घेऊन मुकाट्यानं निघून गेले.

रॉकी आत झोपेत कण्हत होता. यमुताई त्याच्याजवळ स्टुलावर बसल्या आणि त्याच्या पडक्या कानावरून हात फिरवत राहिल्या. मला राहवलं नाही.

“खडीसाखर पदराला कधीपासून बांधताय?”

“त्याच्यासाठी नव्हे, ह्यांच्यासाठी बांधायचे. साखर होती ह्यांना. इन्सुलिन घ्यायचे. शाळेतून येता येता कधी वाटेत बसायचे, कधी पंक्तीत. असंच चोळायला लागायचं. रॉकी पहिल्यांदा पडला तो घरात. श्रावणातला गुरुवार होता. मी साखर चोळली, उठला. तेव्हाच मला कळलं होतं हे काय आहे. गाठीचं नव्हतं माहीत, पण उपाशी राहिलं की पडतो, हे कळलं होतं.”

“मग त्याला खायला का नाही दिलंत?”

त्या खोटं बोलल्या नाहीत.

“दुसऱ्या वेळी देवळात पडला. माणसं जमली. मी निवृत्त झाले त्याला आठ वर्षं झाली, डॉक्टर. ज्या पोरांची नाकं पुसली ती रस्त्यानं मान वळवून जायची. मुलाचा फोन दिवाळीला. आणि त्या दिवशी रात्री माझ्या ओसरीवर बसायला जागा नव्हती. मग दर गुरुवारी यायला लागली. पाया पडायची, पोरांबाळांचं सांगायची, चहा करू का म्हणून माझ्याच चुलीपाशी शिरायची.” त्यांनी पदरानं नाक पुसलं. “हा भुकेनं दाराशी येऊन बसायचा. माझ्याकडे बघायचा. मी म्हणायचे, एवढा एक गुरुवार. ह्या खेपेला उपास दोन दिवसांचा, म्हणून परवा रात्री चोरून साखर देत होते त्याला. जेवण नाही दिलं. साखर दिली. जीव जाऊ नये आणि समाधीही चुकू नये एवढीच.”

इतके दिवस मी ह्या बाईला अडाणी समजत होते. ती अडाणी असती तर मला फार सोपं गेलं असतं.

“तुम्ही मला शिव्या दिल्यात तर चालतील,” त्या म्हणाल्या.

“शुद्धीवर आला की उद्या चमचाभर पेज द्यायचीय,” मी म्हटलं. “ती तुम्हीच करून आणा.”

प्रयोगशाळेचं उत्तर आलं. गाठ साधी होती. रॉकी आठवड्याभरात भिंतीला पाय वर करायला लागला आणि महिन्याभरात बिस्किटांच्या पुड्यासाठी पोरांच्या मागं धावायला लागला. आरतीला तो शेपटी हलवत उभा राहायचा आणि घंटेच्या सुरात सूर मिसळून रडायचा. पहिल्या गुरुवारी लोकांनी वाट पाहिली. दुसऱ्या गुरुवारी कुजबुज झाली की डॉक्टरीणबाईंनी शाळिग्राम काढून शक्ती घालवली. माझ्या म्हशी पुन्हा कमी झाल्या. चौथ्या गुरुवारी मखमली गादी उचलली गेली.

भाऊसाहेब हार मानणारे नव्हते. त्यांनी बाजारातून एक तांबूस कुत्रा धरून आणला, त्याला शाल घातली आणि बुधवार रात्रीपासून उपाशी ठेवला. पण निरोगी कुत्रं उपाशी ठेवलं की समाधीत जात नाही, चिडतं. आरतीच्या ऐन मध्यावर त्यानं अध्यक्षांच्या पोटरीचा लचका तोडला. इंजेक्शनचा कोर्स पूर्ण होईतो भाऊसाहेब देवळात आले नाहीत, आणि ‘क’ वर्गाची फाइलही पुढं सरकली नाही.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी, गुरुवार होता, मी यमुताईंचा निरोप घ्यायला गेले. ओसरी झाडून स्वच्छ होती आणि रिकामी होती. देवळात आरती चालली होती, चार-दोन टाळ्या ऐकू येत होत्या. रॉकी उताणा पडून घोरत होता. त्याच्या मिशांना खिचडीचा साबुदाणा चिकटला होता.

फाटकाशी एक जोडपं आलं. कुठूनसं लांबून आलं होतं, हातात हार होता. माणसानं चपला काढल्या आणि कुत्र्याकडं पाहून आवाज खाली आणून विचारलं, “महाराज समाधीत आहेत का?”

“नाही,” यमुताई म्हणाल्या. “जेवून झोपलाय. बसा ना, चहा करते.”

त्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. बाईनं हार पिशवीत परत ठेवला. “गाडीची येळ झालीया,” असं काहीतरी पुटपुटून ते दोघं चपला घालून निघून गेले. यमुताई फाटक लागेपर्यंत तिकडं पाहत होत्या. मग त्यांनी वाकून रॉकीच्या मिशीवरचा साबुदाणा काढला.

“दर गुरुवारी येतं कुणीतरी असं,” त्या म्हणाल्या. “अजून येतात. बसत मात्र कुणी नाही.”

मग माझ्याकडं न पाहताच त्यांनी विचारलं, “तुम्हाला घाई नाही ना, डॉक्टर?”

माझं सगळं सामान बांधायचं राहिलं होतं. घाई नाही म्हटलं आणि बसले.